त्या वर्षीची कावीळ

दुःख ही माणसाची खरी खाजगी मालमत्ता. घरात भावंडांचा वाटा निघतो, पगारात सरकारचा निघतो, पण आपल्याला जे झालं ते असं, इतकं आणि याच पद्धतीने जगात दुसऱ्या कोणालाच झालेलं नाही, या एका खात्रीवर माणूस ताठ मानेने म्हातारा होऊ शकतो. तिची ही खात्री सेहेचाळिसाव्या वर्षी एका दंतवैद्याने उपटून काढली. भूल न देता.

दंतवैद्याने कादंबरी लिहिली होती. ती छापली गेली, बऱ्यापैकी खपली, आणि म्हणून आता ऐकण्याच्या रूपात निघणार होती. लोकांना हल्ली पुस्तक वाचायला वेळ नसतो, पण भांडी घासताना, गाडी चालवताना आणि व्यायाम टाळताना ऐकायला असतो. अशा लोकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचणं हा तिचा व्यवसाय होता. कादंबरी एका सोळा वर्षांच्या मुलीने स्वतः सांगितल्यासारखी लिहिली होती, आणि सोळा वर्षांच्या मुलींचं सगळं काम तिच्याकडेच येई. तिची पाठ, गुडघे आणि डोळे वयाप्रमाणे चालले होते, पण आवाज तेवढा सोळाव्या वर्षीच थबकला होता. फोनवरून विमा विकणारे तिला अजूनही 'आई आहे का घरी?' असं विचारत. आई घरी नाही असं सांगून ती फोन ठेवून देई. यात खोटं काहीच नव्हतं, आई दुसऱ्या गावात राहायची.

स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली, कपाटाहून जरा मोठी अशी खोली. भिंतींना राखाडी फोम, समोर काच, एक खुर्ची (न करकरणारी, ती मिळवायला वर्ष गेलं होतं), एक माइक, कोमट पाणी आणि हिरव्या सफरचंदाच्या फोडी. सफरचंद खाल्लं की तोंडात जीभ चिकटल्याचे आवाज येत नाहीत. कपडे सुती, कारण बाकीचं कापड सळसळतं. बांगड्या, घड्याळ बाहेर. पोट रिकामं असलं तर गुरगुरतं आणि भरलेलं असलं तर धाप लागते, तेव्हा अर्धं भरायचं. काचेपलीकडे साउंडचा माणूस बसे. प्रत्येक वाचनाआधी तो हेडफोनमधून 'शांतता!' असं ओरडायचा, आणि त्या तळघरात मोठ्याने होणारा तेवढा एकच आवाज असल्यामुळे त्याचं नावच शांतता पडलं होतं. 'आज शांतता नाही, त्याची दाढ दुखतेय' असं कोणी म्हटलं की नवखी माणसं जपून हसत. शांतताचं मुख्य काम म्हणजे वाचून झाल्यावर त्यातले श्वास काढून टाकणं. माणूस बोलताना सारखा श्वास घेतो, आणि माइक इतका चांगला असतो की ऐकणाऱ्याला वाटतं कानात कोणीतरी धापा टाकतंय. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तिच्यात शब्दांचे डोंगर आणि मधे श्वासाचे लहान लहान उंचवटे. शांतता ते उंचवटे निवडून कापायचा, तांदळातले खडे काढावेत तसे. 'श्वास म्हणजे घाण, ताई,' तो म्हणायचा. तिचे श्वास सर्वांत कमी घाण आहेत असंही तो म्हणायचा, आणि इतक्या वर्षांत तिला मिळालेली ही सर्वांत मनापासूनची दाद होती.

रीतीप्रमाणे पुस्तक आधी वाचून यायचं असतं. तिने रीतीप्रमाणे चाळलं होतं. मुलगी चिडकी आहे, घरच्यांशी पटत नाही, शाळेत जात नाही, शेवटी समुद्र आहे, सगळं नेहमीचं. म्हणून त्या मंगळवारी सकाळी, अर्धं पोट भरून, सहावं प्रकरण वाचता वाचता ती एका परिच्छेदापाशी आली तेव्हा ती अगदी बेसावध होती. परिच्छेद असा होता: 'बाईंनी वर्गात सांगितलं की श्वास आपोआप चालतो, पण मनात आणलं तर आपणही तो चालवू शकतो. मी मनात आणलं. तेव्हापासून तो आपोआप चालायचं विसरलाय. आता तो मलाच चालवावा लागतो, आणि माझं लक्ष उडालं तर थांबणार आहे.' तिसऱ्या वाक्यापर्यंत ती सोळा वर्षांच्या आवाजात वाचत होती. चौथं वाक्यही त्याच आवाजात आलं, पण ते तिने वाचलं नव्हतं. ते पुस्तकातून येण्याच्या ऐवजी उलट बाजूने, आतून आलं, आणि पुस्तकातलं व आतलं, दोन्ही वाक्यं एकाच वेळी तोंडाशी पोचून अडकली. मग तिला तिचा श्वास ऐकू आला. हेडफोन अशा वेळी फार प्रामाणिक असतात. नाकातून आत, घशात थोडा घासून खाली, मग एक रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेत ती उभी होती, पुढचा घ्यायचा की नाही हे आता तिच्यावर होतं.

"ताई?" शांतता म्हणाला. "थांबलात?"

"पाणी पिते."

"प्या, प्या. पण घोट नका ऐकवू, माइक चालू आहे."

दिग्दर्शिका शांतताच्या शेजारी बसली होती. ती तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पायात मोठे बूट घालणारी आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींना 'भारी' म्हणणारी मुलगी होती. तिने बटण दाबून म्हटलं, "ताई, ते शेवटचं काय भारी होतं! तो श्वास अडकतो ना तुमचा, तो ठेवूया. कसं केलंत?"

कसं केलंत. ती काचेतून दोघांकडे बघून हसली. हसायलाही श्वास लागतो, हे तिला तीस वर्षांनी पुन्हा आठवलं.

त्या वर्षी हे अगदी असंच सुरू झालं होतं. मात्र बाई नव्हत्या, वर्ग नव्हता, नुसती एक दुपार होती. शाळेचं शेवटचं वर्ष, इतिहासाचं पुस्तक पोटावर उघडं, आणि ते पुस्तक वरखाली होतंय हे तिच्या लक्षात आलं. वर, खाली. राजे, तह, सनावळ्या सगळं वरखाली होत होतं. तिला गंमत वाटली आणि तिने ते मुद्दाम थांबवून पाहिलं, मग सोडलं, मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत ते काम कायमचं तिच्याकडे आलं होतं, एखाद्या कचेरीत सहज म्हणून पंखा पुसावा आणि दुसऱ्या दिवसापासून पंखे पुसायचं काम आपल्याच गळ्यात पडावं तसं. झोप लागेना, कारण झोपल्यावर कोण बघणार? जेवण जाईना, कारण गिळताना श्वास थांबतो. बोलणं तर शुद्ध उधळपट्टी. शाळेला जायला निघायची, बूट घालून, नाड्या बांधून, दप्तर पाठीला लावून उघड्या दारात उभी राहायची आणि तिथेच राहायची. बाहेर रस्ता ओलांडायचा, बस बघायची, मैत्रिणींना हसायचं. इतक्या गोष्टींकडे लक्ष दिलं तर याच्याकडे कोण देणार? दाराबाहेरच्या पायपुसण्याचा काठ उसवलेला होता. तो तिला अजूनही बोटांनी काढून दाखवता आला असता. वडील फिरतीच्या नोकरीवर असायचे. घरी आले की 'काय म्हणतेस?' असं विचारायचे आणि उत्तराला जागा न ठेवता आंघोळीला जायचे. आई घरात शाळांचे गणवेश शिवायची. तिने एकदाच आईला विचारलं होतं, मशीन थांबलेली असताना. "आई, मी विसरले तर?" "काय विसरलीस?" "श्वास घ्यायला." आईने सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात जात नव्हता, तेव्हा तो ओठांत धरून ओला केला आणि पुन्हा ओवला. "असलं काही डोक्यात आणू नये," ती म्हणाली. ते आधीच आलंय, हे सांगायला पुन्हा श्वास लागला असता, म्हणून तो विषय तिथे संपला.

कावीळ त्यानंतर आठवड्याभराने झाली, आणि ती जिन्यात झाली. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी आईला गाठून विचारलं, "पोरगी दिसत नाही हो हल्ली? शाळा नाही का?" आईच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत वर लिंबं होती. आईने मावशींकडे पाहिलं, मग लिंबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कावीळ झालीय तिला." दार उघडंच होतं आणि ती दारातच उभी होती, बूट घालून, तेव्हा तिला आपला आजार असा प्रत्यक्ष होताना ऐकू आला. मावशी हळहळल्या. दुसऱ्या दिवसापासून शेजारून ताक-सरबतं आली, एका काकांनी कावीळ उतरवणाऱ्या कोणा माणसाचा पत्ता आणला, शाळेने वर्ष वाया जाऊ नये म्हणून सवलत देऊ केली आणि मैत्रिणींनी भेटायला न येण्याचं चांगलं कारण मिळाल्याबद्दल मनातल्या मनात आभार मानले. सगळं सोपं झालं. कावीळ झालेल्या मुलीला कोणी 'डोक्यात आणू नकोस' म्हणत नाही. आईसुद्धा तिच्याशी बरी वागू लागली, जणू खरोखरच निदान झालं होतं. एवढंच की तिला तेलकट बंद झालं. सुरुवातीला देखाव्यापुरतं, मग कोणाला आठवेना की हा देखावा होता.

आणि तेलकट कधीच पुन्हा सुरू झालं नाही. खोट्या आजाराचं हेच वाईट, तो बरा होत नाही. लग्न ठरताना आईने होणाऱ्या जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, "तशी ठणठणीत आहे हो, फक्त लहानपणी कावीळ झाली होती, यकृत नाजूक आहे." नवरा लिफ्टची तपासणी करणारा माणूस. कुठल्या वस्तूला किती भार झेपतो हे लक्षात ठेवायची त्याला सवय. त्याने ते यकृत लग्नानंतर असं सांभाळलं की तसं कोणी तिचं दुसरं काहीच सांभाळलं नव्हतं. घरात तळण नाही. भाजी उकडलेली, वरून चमचाभर तेल, तेही तो स्वतः मोजून घालायचा. समारंभात तिच्या ताटाकडे कोणी तळलेलं घेऊन आलं की तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून हात हलवायचा, रेल्वेचा सिग्नल दाखवावा तसा. "तिला नको, तिला कावीळ झाली होती." आणि एकट्याने खाणं बरं दिसत नाही म्हणून तोही खात नसे. लग्नाआधी, त्याच्या बहिणीने सांगितलं होतं, हा माणूस तळलेल्या बटाट्यांसाठी चालत गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. म्हणजे आता तिने खरं सांगायचं ठरवलं असतं तर नुसतं 'मला कावीळ झाली नव्हती' एवढंच सांगून भागलं नसतं. एका सरळ माणसाच्या वीसेक वर्षांच्या उकडलेल्या भाजीचा हिशेब द्यावा लागला असता. दरवर्षी वाटायचं की यंदा सांगू, आणि दरवर्षी भाजी एका वर्षाने वाढलेली असायची.

त्या दिवशी सहावं प्रकरण संपवल्यावर शांतता म्हणाला, "आता खोली घेऊया." खोली घेणं म्हणजे तिथली शांतता रेकॉर्ड करणं. श्वास कापले की मधे भोकं पडतात आणि ती भोकं तशीच ठेवली तर कानाला दचकल्यासारखं होतं, म्हणून त्यांत रिकाम्या खोलीचा आवाज भरायचा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. इतर स्टुडिओंत तेव्हा वाचणाऱ्याला बाहेर काढतात, पण शांतताचं मत असं होतं की आत माणूस असलेल्या खोलीची शांतता वेगळी असते, भरीव असते, आणि तीच भोकांत नीट बसते. तेव्हा आत बसायचं, हलायचं नाही, हळूच श्वास घ्यायचा, तोंड किंचित उघडं ठेवून. इतकी वर्षं तिला हे जमायचं. या कामात तिला विश्रांती वाटायची.

"शांतता!" तो ओरडला. मग काहीच नाही. फोम, काच, दिव्याची वायर. आत. खाली. रिकामी जागा.

"ताई, श्वास येतोय."

"बरं."

"शांतता! ... ताई, अजून येतोय. एरवी येत नाही तुमचा."

"मग काय करू? घेऊ नको?"

तिने हे गमतीने म्हटलं होतं. शांतताने त्यावर थोडा विचार केला. "थोडा वेळ नाही घेतलात तर बरंच होईल," तो म्हणाला. काचेतून त्याचा चेहरा अगदी निष्पाप होता. आणि तिने घेतला नाही. तो धरून ठेवताना ती मनात म्हणत होती, मी सेहेचाळीस वर्षांची आहे, माझं घर आहे, गॅस मी बंद करून आलेय, बाहेर रस्ता आहे. पण बाहेर रस्ता आहे हेच तर भीतीचं होतं. उद्या सकाळी दारात उभं राहून तो रस्ता दिसला आणि पाय निघाला नाही तर? नवरा विचारेल, काय झालं? आणि कावीळ माणसाला दोनदा होत नसते असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"भारी," दिग्दर्शिका म्हणाली. "मिळाली खोली."

आश्चर्य याचं की मोठ्याने वाचणं हेच त्या वर्षी तिच्यावरचं औषध ठरलं होतं. कावीळ सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी आई कंटाळली. मुलगी दिवसभर छतालाच बघते, निदान काहीतरी कर, म्हणाली, मला शिवताना पेपर वाचून दाखव. कसा वाचू, तिने विचारलं. तोंडाने, आई म्हणाली. मशीनच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून जोरात वाचावं लागायचं. बाजारभाव, निधनवार्ता, पाहिजेतच्या जाहिराती. आणि जोरात वाचताना वाक्य संपलं की श्वास आपला आपण येऊन जायचा, तिला न विचारता, जसा बाकीच्या जगाला येतो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती एका अनोळखी माणसाच्या अंत्यविधीची वेळ वाचत होती आणि हसत होती. आईने मशीन थांबवून पाहिलं आणि पुन्हा पाय चालवला. हिवाळ्यापर्यंत ती पायपुसण्याच्या पलीकडे गेली. तेव्हापासून ती वाचतच होती. लोकांना तो व्यवसाय वाटायचा. आणि आता नेमक्या त्या औषधाच्या बाटलीतच कोणीतरी तो आजार भरून पाठवला होता.

गुरुवारी दंतवैद्य स्वतः आला. लेखकाने एकदा यायची पद्धत असते, त्याने मधे मधे बोलू नये अशीही असते. तो गोल चेहऱ्याचा, साठीचा, अतिशय आनंदी गृहस्थ होता आणि बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायचा. तिने दोन दिवस प्रश्न घोकला होता. शक्यता अनेक होत्या. त्याच्या मुलीला हे झालं असेल. त्याला स्वतःला झालं असेल. पुरुष असलं काही मुलीच्या नावावर खपवतात. काहीही असो, जगात आणखी एक माणूस होता आणि तो आत्ता तिच्यासमोर सफरचंदाची फोड खात होता. इतक्या वर्षांत कोणाशीही बोलायला तिला एवढी घाई झाली नव्हती.

"ते सहाव्या प्रकरणातलं," ती म्हणाली. "श्वासाचं. ते कुठून आलं?"

"हं, ते!" दंतवैद्य खूश झाला. "आवडलं? मला वाटलंच. खरं सांगू, ते मी विनोदी म्हणून लिहिलं होतं. आमच्याकडे तोंड उघडून पडलेला पेशंट विचारतो ना, 'डॉक्टर, श्वास नाकाने घेऊ का?' अरे बाबा, मग काय कानाने घेणार? त्यावरून सुचलं. म्हटलं, समजा एखादी मुलगी असा विचार चोवीस तास करत बसली तर? धमाल! पण संपादक म्हणाले फार करुण आहे, तसंच ठेवा. ठेवलं. आता लोक रडतात." तो थोडा खंतावल्यासारखा झाला. "तसं कोणी खरंच असतं का हो?"

हीच ती वेळ होती. दिग्दर्शिका ऐकत होती, शांतता ऐकत होती, माइक चालू होता. तिने श्वास घेतला, तो सगळ्यांना हेडफोनमधून ऐकू गेला. "नसावं," ती म्हणाली.

"तेच म्हणतो मी. तुमचे खालचे दात छान आहेत."

संध्याकाळी तिने आईला फोन केला. आई आता पंचाहत्तरची होती, शिवणं सोडलं होतं, पण फोनवर बोलताना मधेच दोरा तोडल्यासारखी थांबायची.

"आई, मला त्या वर्षी काय झालं होतं?"

"कुठल्या वर्षी?"

"शाळा बुडली तेव्हा."

"कावीळ नाही का झाली होती तुला! पिवळीधमक झाली होतीस. डोळेसुद्धा."

"आई."

पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता, म्हातारा, थोडा शिट्टीसारखा, आपला आपण चाललेला.

"मी फार घाबरले होते," आई म्हणाली. मग लगेच, "तेल कमीच खातेस ना?"

"हो."

"जावईबापू आहेत म्हणून बरं."

पुस्तक निघालं. नवरा तिची सगळी पुस्तकं ऐकायचा, इस्त्री करताना. त्याला कथानकात रस नसे, तिचा आवाज कुठल्या दर्जाचा आलाय ते तो तपासायचा, तार घासली गेलीय का बघावं तसा. रविवारी त्याने सहावं प्रकरण लावलं. ती शेजारी मोज्यांच्या जोड्या लावत होती आणि अंग आखडून वाट बघत होती. तो परिच्छेद आला. तिने कान टवकारले. दिग्दर्शिकेने ठेवू म्हटलेला तो अडकलेला श्वास, तिच्या आयुष्यातला सर्वांत खरा, तिथे नव्हता. शांतताने सवयीने काढला होता. त्या जागी खोली भरली होती, भरीव, नीट बसलेली. मुलगी आपलं सगळं भय एका दमात, स्वच्छ उच्चारांत सांगत होती, बस कुठे थांबते ते सांगावं तशी.

नवऱ्याने कॉलरवरून इस्त्री उचलली. "ही पोरगी श्वास कधी घेते?"

"काय?"

"पूर्ण पानभर श्वासाबद्दल बोलतेय आणि एकदाही घेत नाही. असं कसं?" त्याने पुन्हा मागे नेऊन ऐकलं. "नाहीच घेत. आणि आईबाप काय करतायत हिचे? डॉक्टरला नको दाखवायला? तुझ्या आईचं बघ, साधी कावीळ, तर कित्येक महिने घरी ठेवलं तुला. त्याला माया म्हणतात."

तिच्या हातात दोन वेगळ्या रंगांचे मोजे होते. तिने त्यांची जोडी लावली. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती त्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवून बघत राहिली. तो कुशीवर वळला की सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागे. सकाळी ती दारात थोडी जास्त थांबली. "काय गं?" तो म्हणाला. "किल्ली," ती म्हणाली. किल्ली हातातच होती. त्याने किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आज निघाले, उद्याचं माहीत नाही. आणि त्याला जर आता सांगितलं नाही तर पुढच्या खेपेला काय सांगायचं, कुठल्या फळाकडे बघून सांगायचं?

नवऱ्याच्या कंपनीत दरवर्षी रक्तदान असे. तो द्यायचा आणि ती बाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसायची, कारण कावीळ झालेल्यांचं रक्त घेत नाहीत. यंदा ती त्याच्याबरोबर रांगेत उभी राहिली. त्याला वाटलं सोबतीला आलीय. टेबलापाशी एक थकलेली नर्स प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच सुरात विचारत होती, वाचून दाखवल्यासारखे. ऑपरेशन? नाही. साखर? नाही. कावीळ?

"हिला झाली होती, शाळेत असताना," नवरा म्हणाला. "ती देत नाहीये, मी देतोय."

"नाही झाली," ती म्हणाली.

"अगं, तुझं विचारतायत त्या."

"माझंच सांगतेय. मला कावीळ झाली नव्हती."

नर्सने वर पाहिलं. मागच्या माणसाने पाय बदलला. "झाली का नाही झाली?" नर्स म्हणाली. "दोघांचं एक ठरवा."

"मग काय झालं होतं?" नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलतो तसा झाला होता, हळू आणि सपाट.

तिने मनात वाक्य तयार ठेवलं होतं, चांगलं, दंतवैद्याच्या तोडीचं. ते आलं नाही. "मला दाराबाहेर पडता येत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं की श्वास मीच चालवतेय. आईने कावीळ सांगितली. तिच्या पिशवीत लिंबं होती." एवढं बोलताना ती मधे तीनचारदा थांबली आणि प्रत्येक वेळी सगळ्यांसमोर, आवाज करून, श्वास घेतला.

"बोट पुढे करा," नर्स म्हणाली.

नवरा खाटेवर पडला होता. हातात सुई, मुठीत रबरी चेंडू, तेव्हा त्याला उठून कुठे जाता येत नव्हतं. ती शेजारी स्टुलावर बसली. तो छताकडे बघत चेंडू दाबत होता.

"म्हणजे त्या पुस्तकातली," तो म्हणाला.

"पुस्तकातली नाही. पण तशी."

"म्हणजे तळलेले बटाटे चालतात तुला."

"चालतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्याने चेंडू बराच वेळ दाबून धरला. नर्सने लांबूनच ओरडून सांगितलं, दाबा आणि सोडा, दाबून ठेवू नका. त्याने सोडला. "आता होतं का ते? श्वासाचं?"

"या महिन्यात. थोडं."

"किल्लीच्या दिवशी?"

"हो."

"मला सांगायचंस ना."

"सांगतेय."

तो पुढे काही म्हणणार होता, पण तेवढ्यात नर्स तिच्या बोटाच्या थेंबाचा निकाल घेऊन आली. हिमोग्लोबिन साडेनऊ. रक्तदानाला साडेबारा लागतं. "तुमचं घेता येणार नाही," ती म्हणाली. "कावीळ असो नसो. लोहाच्या गोळ्या घ्या आणि नीट खात जा, नुसतं उकडलेलं खाताय की काय?" नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

बिस्किटं फक्त रक्त दिलेल्यांनाच होती. त्याला एक पुडा मिळाला. बाहेरच्या बाकावर बसून त्याने सवयीने तो उलटा केला, मागचं तेलाचं प्रमाण वाचलं, आणि मग फोडून तिच्यापुढे धरला. बिस्किटं मऊ पडली होती.